जागा चांगली, पण जहाजं अंगावर येतात आणि नांगरावर कयाक आडवी होते: मोठ्या नदीतल्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची दुरुस्ती

वर्दळीच्या नदीत कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीवरून, गळ टाकणाऱ्यांच्या तक्रारी वरवर वेगवेगळ्या वाटतात. कुणी म्हणतं, मासे लागायला लागले की नेमकं कुठलं तरी जहाज भोंगा वाजवत येतं आणि जागा सोडावी लागते. कुणाची कयाक नांगरावर सरळ राहत नाही, दर वेळी प्रवाहाला आडवी होते. कुणाला जहाजाची लाट पेलते, पण जहाज दिसेनासं झाल्यावर भलतीकडून आलेलं पाणी उलथवून टाकतं. मग जड नांगर घेतला जातो, उंच झेंडा लावला जातो, आणि तक्रार होती तिथेच राहते.

याचं कारण बहुतेक वेळा सामानात नसतं. मोठ्या नदीत मासे जिथे थांबतात आणि जहाजं जिथून जातात, त्या दोन जागा एकमेकींना चिकटून असतात. उथळ तळ एकदम खोल होतो ती कड, वळणाची बाहेरची बाजू, दगडी बांधांची टोकं, पुलाच्या खांबांमागचं संथ पाणी. माशाला तिथे धारेतून वाहत येणारं खाणं मिळतं आणि धारेपासून आडोसाही मिळतो. जहाजाला तिथे खोली मिळते. गळ टाकणारा मासा शोधत शोधत बरोबर जहाजाच्या वाटेच्या काठावर जाऊन बसतो. म्हणून दुरुस्ती जागेपासून सुरू करायची, नांगर आणि झेंडा त्यानंतर.

तक्रार पहिली: जहाजं नेहमी माझ्याच अंगावर का येतात?

आधी जलमार्गाच्या खुणा नीट वाचता येतात का ते तपासा. लाल आणि हिरव्या बोयांमधला (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांमधला) पट्टा जहाजांचा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण कुठला रंग कुठल्या बाजूला हे जगभर सारखं नाही. समुद्रातून आत येताना डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा ही पद्धत युरोप, आशियाचा बहुतेक भाग, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात चालते. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपाइन्समध्ये ती बरोबर उलटी आहे. युरोपातल्या अंतर्गत नद्यांचे नियम आणखी वेगळे: तिथे बाजू ठरते ती प्रवाहाच्या दिशेने, आणि खाली जाताना उजवीकडे लाल असतो. त्यामुळे नवीन नदीवर गेलात की सवयीवर विसंबू नका, त्या नदीचा नकाशा बघा. कुठला बोया जलमार्गाची कड दाखवतो आणि कुठला बुडालेला अडथळा, हे पाण्यात उतरण्याआधी माहीत हवं.

दुसरी गोष्ट, जहाज दोन बोयांच्या बरोबर मधून जाईल असं धरून चालू नका. वळणावर एकत्र बांधलेल्या बार्जचा (सपाट तळाच्या मालवाहू नौकांचा) लांब ताफा सरळ वळत नाही, घसरत वळतो. पुढचं टोक वळणाच्या आतल्या बाजूकडे रोखलेलं असतं आणि मागचा भाग बाहेरच्या काठाकडे सरकत जातो. प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्या ताफ्याला तर सुकाणू लागू व्हावं म्हणून पाण्यापेक्षा जास्त वेग ठेवावाच लागतो. उलट प्रवाहाविरुद्ध चढणारी जहाजं इंधन वाचवायला संथ पाणी शोधतात, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, काठाला चिकटून येतात. ऱ्हाइन नदीवर वर चढणारं जहाज निळी पाटी आणि लुकलुकणारा पांढरा दिवा दाखवून समोरच्याला कळवतं की आपण एकमेकांना उजव्या अंगाने ओलांडू. हे माहीत नसलेला कयाकवाला समजतो की जहाज ‘चुकीच्या’ बाजूने येतंय.

मग बसायचं कुठे? जहाजाला तरंगायला पुरेसं पाणी नाही तिथे. भरलेल्या बार्जला साधारण पावणेतीन मीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. तुमच्याखाली मीटर-दीड मीटर पाणी असेल आणि तो उथळ पट्टा चांगला रुंद असेल, तर तिथे ती येऊ शकत नाही. लहान मोटरबोटी मात्र येतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवावंच लागतं. उथळ पट्ट्यावर बसून वीस-पंचवीस मीटरवरच्या कडेकडे आमिष फेकता येतं. कयाक कडेवर नको, आमिष कडेवर हवं. एवढा एक बदल केला की ‘अंगावर येणारी’ जहाजं बरीचशी नुसती ‘शेजारून जाणारी’ होतात. नदीचं पाणी उतरलेलं असेल तर हिशोब पुन्हा करा, कारण उथळ पट्टा सरकतो आणि जहाजांची वाट अरुंद होते.

इथेच एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘माझ्याकडे इंजिन नाही, शिवाय मी मासे धरतोय, म्हणजे वाट त्यांनी सोडायची’ असं आत्मविश्वासाने सांगणारे बरेच भेटतात. समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ‘मासेमारी करणारी नौका’ याचा अर्थ अशी नौका, जिच्या जाळ्यामुळे किंवा अवजारांमुळे तिला हवं तसं वळता येत नाही. रॉड आणि गळ त्यात बसत नाहीत. शिवाय नववा नियम स्पष्ट आहे: जे जहाज फक्त अरुंद मार्गातूनच सुरक्षित जाऊ शकतं, त्याला 20 मीटरपेक्षा लहान नौकेने अडथळा करायचा नाही, आणि खरीखुरी मासेमारी करणाऱ्या नौकेनेही तिथून जाणाऱ्या कुठल्याच नौकेला अडवायचं नाही. अरुंद मार्गात शक्य तोवर नांगर टाकू नये, हेही त्याच नियमात आहे. देशोदेशीचे अंतर्गत जलमार्गांचे नियम तपशिलात वेगळे असले तरी इंजिन नसलेल्या होडीने जहाजांच्या मार्गात रेंगाळावं असं कुठेच अपेक्षित नसतं.

भोंग्याचा अर्थही माहीत हवा. एक छोटा भोंगा म्हणजे जहाज उजवीकडे वळतंय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं फिरवतंय. पाच किंवा जास्त छोटे भोंगे म्हणजे ‘तुझं काय चाललंय ते मला कळत नाही’. ते पाच ऐकू आले तर बहुधा तुमच्यासाठीच असतात. तेव्हा हात हलवून नमस्कार करू नका, वल्हं उचला आणि जवळच्या काठाकडे स्पष्ट दिसेल असं सरळ निघा.

तक्रार दुसरी: लांब दिसत होतं, मग एवढ्यात कसं आलं?

कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम 80 सेंटिमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवरून अंतर आणि वेग दोन्हींचा अंदाज चुकतो. जहाज समोरून येत असेल तर ते बराच वेळ नुसतं ‘तिथेच’ दिसतं आणि मग अचानक मोठं होतं.

आकडे मांडून बघा. भरलेली मासेमारीची कयाक सारखं वल्हवत ताशी 5 किलोमीटर जाते असं धरू. 400 मीटर रुंद मार्ग ओलांडायला तिला जवळजवळ पाच मिनिटं लागतात. ताशी 20 किलोमीटरने येणारं जहाज तेवढ्या वेळात 1.6 किलोमीटर येतं. प्रवाह ताशी 4 किलोमीटर असेल तर तुम्ही स्वतः तोवर 300 मीटरहून जास्त खाली वाहून गेलेले असता. म्हणजे वळणापलीकडचं दिसत नसेल आणि वळण दोन किलोमीटरच्या आत असेल, तर ‘आत्ता काही नाही, निघू या’ हा निर्णय निव्वळ नशिबावर सोडलेला आहे. मार्ग ओलांडायचाच तर सरळ, लांब पट्ट्यात ओलांडा, आणि मधे थांबून एकही गळ टाकू नका.

जहाज आपल्याकडे येतंय की बाजूने जाणार, हे ओळखायची जुनी रीत अजून सगळ्यात भरवशाची आहे. जहाजाच्या मागे काठावरचं एखादं झाड किंवा खांब धरा. तुम्ही एका जागी असाल आणि जहाज त्या खुणेवरून पुढे किंवा मागे सरकत असेल, तर ते बाजूने जाईल. ते मोठं होत चाललंय पण खुणेवरून हलत नाही, तर ते तुमच्यावरच येतंय. अंधारात हिरवा आणि लाल दोन्ही दिवे एकदम दिसले की त्याचा अर्थ तोच.

‘तो थांबेल’ या आशेचंही बघू. मिसिसिपी नदीवर एका ढकलबोटीपुढे 15 बार्ज बांधलेल्या असणं नेहमीचं आहे: तीन रुंद, पाच लांब. एकेक बार्ज सुमारे 59 मीटरची, म्हणजे नुसत्या बार्जच जवळजवळ 300 मीटर. असा ताफा थांबायला दीड किलोमीटर किंवा जास्तही लागतो. पुढच्या टोकाच्या समोर कित्येकशे मीटर पाणी सारंगाला दिसतच नाही, आणि बार्ज रिकाम्या असतील तर त्या उंच तरंगतात, मग न दिसणारा भाग आणखी वाढतो. तुम्हाला त्याच्या केबिनच्या काचा दिसत नसतील तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आणि इंजिन त्या 300 मीटरच्या मागच्या टोकाला! पुढचं टोक तुमच्यापर्यंत पोचतं तेव्हा आवाज जवळजवळ नसतोच.

यातून बसण्याच्या दिशेचा प्रश्न येतो, जो फार कमी लोक विचारात घेतात. कयाकच्या मागच्या टोकाला नांगर बांधला की तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला होतं. गळ समोर दिसतात, आराम वाटतो. पण वेगाने आणि गुपचूप येणारी जहाजं वरूनच येतात, म्हणजे तुमच्या पाठीमागून. मी वर्दळीच्या पट्ट्यात पुढच्या टोकाला नांगर बांधून वर तोंड करूनच बसतो आणि गळ मागे बाजूला ठेवतो. त्यात मान अवघडते, हे मान्य. ज्यांना खालीच तोंड करून बसायचंय त्यांनी निदान छोटा आरसा लावावा. शिवाय बहुतेकांच्या मागच्या भागात सामानाचा खोका असतो, ते टोक आधीच खाली बसलेलं असतं आणि लाट तिथूनच आत येते.

तक्रार तिसरी: नांगरावर कयाक आडवी होते

सगळ्यात जास्त धोका या एका प्रकारात आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आडवी होण्याचं कारण एकच: दोर कयाकला मधोमध किंवा मध्याजवळ ओढतोय. प्रवाह मग पूर्ण लांबीवर आदळतो, दोर प्रवाहाकडची कड खाली खेचतो, पाणी त्या कडेवर चढतं आणि कयाक प्रवाहाकडे कलून उलटते. सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून वाहत्या पाण्यात नांगराचा दोर फक्त अगदी पुढच्या किंवा अगदी मागच्या टोकावरूनच गेला पाहिजे. बैठकीजवळच्या हँडलला ‘दोनच मिनिटं’ बांधलेला दोरही यात मोजायचा.

यासाठीच अँकर ट्रॉली असते: कयाकच्या बाजूने पुढून मागे जाणारी दोरीची फेरी, दोन्ही टोकांना कप्पी, आणि त्या फेरीवर सरकणारी कडी. नांगराचा दोर कडीतून जातो, आणि कडी बसल्याजागी हव्या त्या टोकाला नेता येते. ट्रॉली असूनही कयाक आडवी होत असेल तर तीन गोष्टी क्रमाने तपासा.

पहिली, कडी टोकाला नेल्यावर ट्रॉलीची फेरी क्लीटमध्ये (दोर अडकवून ठेवायच्या खाचेत) अडकवली होती का? नसेल तर दोरावर ताण येताच कडी सरकत सरकत मध्याकडे येते. बहुतेक ‘अचानक’ आडव्या झालेल्या कयाकांची गोष्ट इथेच संपते. दुसरी, फेरी सैल आहे का? कप्प्या लवचिक दोरीवर बांधलेल्या असतील तर ताणाखाली त्या हातभर आत येतात. तिसरी, क्रम. शांत पाण्यात शिकलेले लोक नांगर आधी टाकतात आणि कडी मग नेतात. प्रवाहात नांगर धरल्यावर कडी न्यायला जाल तर मधली काही सेकंदं कयाक आडवीच असते. म्हणून दोर कडीत, कडी टोकाला, फेरी क्लीटमध्ये, आणि मग नांगर पाण्यात.

काढताना क्रम उलटा नाही! ताणलेल्या दोराची कडी मध्याकडे आणली की परत तोच प्रकार. कडी टोकालाच ठेवून दोर हाताने ओढत, किंवा वल्हवत, नांगराच्या वर या. नांगर तळ सोडून दोर सैल झाला की मगच कडी जवळ घ्या.

नांगर धरत नाही, घसरतो, अशी तक्रार असेल तर जड नांगर घेण्याआधी दोराची लांबी बघा. पाच मीटर खोलीला दहा मीटर दोर सोडला तर तो नांगराला वर उचलतो, आडवा ओढत नाही. खोलीच्या पाचपट तरी दोर हवा, प्रवाह जास्त असेल तर सातपट. नांगराजवळ मीटरभर साखळी लावली तर ओढ तळाला समांतर राहते. कयाकवाले वापरतात तो दीड किलोचा घडीचा चार आकड्यांचा नांगर दगडांत चांगला अडकतो, पण वाळू-चिखलात ओरखडे काढत जातो. तिथे रुंद पात्यांचा नांगर बरा.

आणि सातपट दोर सोडूनही घसरत असेल तर त्याचा अर्थ वेगळा आहे. पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की दोरावरचा ताण चौपट. घसरणारा नांगर सांगतोय की ही जागा कयाकसाठी नाही. तिथे जास्त घट्ट धरणारा नांगर लावणं म्हणजे धोका घट्ट बांधून घेणं.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. वल्हवत एका जागी स्थिर राहा आणि बाजूने वाहणारा बुडबुडा किंवा पान बघा. 3.6 मीटरच्या कयाकची पूर्ण लांबी ते तीन सेकंदांत ओलांडत असेल तर प्रवाह ताशी 4.3 किलोमीटर आहे. त्या वेगात भरलेली कयाक प्रवाहाविरुद्ध जेमतेम पुढे सरकते. माझी कसोटी सोपी आहे: नांगर टाकायच्या जागी आधी पाच मिनिटं प्रवाहाविरुद्ध वल्हवत टिकायचं. दम लागला तर तिथे नांगर नाही. कारण तो अडकला तर सोडवायला तुम्हाला नेमकं हेच करावं लागणार आहे.

सोडायची व्यवस्था धरायच्या व्यवस्थेइतकीच महत्त्वाची. दोराचं शेवटचं टोक कयाकला कधीही गाठ मारून बांधू नका. दोर हाताजवळच्या झिगझॅग क्लीटमध्ये नुसता अडकवा, आणि मागच्या टोकाला एक भडक रंगाचा फ्लोट लावा, जो कडीत न अडकता बाहेर जाईल. जहाज आलं, ओंडका आला, कयाक कलायला लागली, की क्लीटमधून दोर उडवायचा. नांगर आणि फ्लोट तिथेच राहतात, तुम्ही वाहत निघून जाता, आणि वाट मोकळी झाली की परत येऊन फ्लोट उचलता. हे एका हाताने, न बघता जमलं पाहिजे. शांत पाण्यात सराव करा. चाकू लाइफ जॅकेटवरच हवा, डब्यात नको.

नांगर तळात अडकण्यावर एक जुनी युक्ती आहे: साखळी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता खालच्या बुडाला बांधायची, आणि वरच्या कडीशी फक्त प्लास्टिकच्या झिप टायने जोडायची. जोर लावला की टाय तुटतो आणि नांगर उलटा निघून येतो. तरीही निघाला नाही तर दोर कापा. नांगर दुसरा घेता येतो.

नदीच्या खालच्या भागात भरती-ओहोटी पोचत असेल तर आणखी एक भानगड. प्रवाह फिरला की कयाक फिरते आणि दोर तिच्या खालून जातो. वारा प्रवाहाच्या विरुद्ध असेल तर तेच. पाणी फिरायची वेळ आधी बघून त्याआधी नांगर उचला.

तक्रार चौथी: जहाज गेलं, मग पाणी कुठून आलं?

मोठ्या जहाजाचं पाणी तीन हप्त्यांत येतं, आणि लोक फक्त मधला हप्ता मोजतात.

पहिला हप्ता जहाज शेजारून जात असतानाच येतो, आणि तो लाट म्हणून दिसत नाही. खोल बसलेलं जहाज अरुंद पात्रातून जाताना त्याच्या बाजूचं पाणी खाली बसतं. काठावरचं पाणी मागे ओढलं जातं, झाकलेले दगड उघडे पडतात, आणि मग ते सगळं पाणी एकदम परत येतं. दगडी बांधांच्या टोकांशी आणि त्यांच्या मधल्या डोहांत ही ओढ फार जोरदार असते, आणि मासेवाले बसतात तेही तिथेच. बांधाच्या टोकाला खेटून बसला असाल तर जहाज येण्याआधी तिथून हला. काठ जवळ असेल तर पूर्ण काठावर जा आणि कयाक वर ओढून घ्या, नाहीतर काठापासून दूर कंबरेहून खोल पाण्यात थांबा. गुडघाभर पाण्यात एक पाय बाहेर, एक आत, ही सगळ्यात वाईट जागा. आधी कयाक तळाला टेकते, मग परतीचं पाणी तिला आडवी फेकतं.

दुसरा हप्ता नेहमीच्या लाटांचा. खोल पाण्यात जहाजाच्या मागचा लाटांचा पाचर वेग कितीही असला तरी दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंशांत पसरतो. लॉर्ड केल्विन यांनी हे एकोणिसाव्या शतकात दाखवलं. आपल्या कामाचा अर्थ एवढाच की लाट जहाज पुढे गेल्यावर पोचते, आणि ती येते तिरकी, जहाज जिकडून आलं त्या बाजूने. कयाकचं टोक त्या लाटेकडे वळवा, जहाजाकडे नव्हे. नांगरावर असाल तर वळता येत नाही, म्हणून आधीच थोडा जास्त दोर सोडा. तंग दोर पुढचं टोक वर उठू देत नाही आणि लाट त्यावरून आत येते. दोर सोडून वळणं त्याहूनही बरं. गंमत म्हणजे संथ जाणाऱ्या अवाढव्य जहाजापेक्षा अर्धवट वेगाने, पुढचं टोक उचलून जाणारी मध्यम मोटरबोट जास्त उभी लाट सोडते.

तिसरा हप्ता परतीचा. समोरच्या काठाला उभी भिंत किंवा लोखंडी पत्र्यांचा धक्का असेल तर लाटा जवळजवळ तशाच परत येतात आणि नव्या लाटांवर आदळून पाणी जागच्या जागी उभं उसळतं. म्हणून भिंतीच्या पट्ट्यात मासे कितीही असोत, मी तिथे वर्दळीच्या वेळी जात नाही. लाटा ओसरल्या असं वाटल्यावर समोरच्या काठाकडे बघा, तिथून काय निघालंय ते दिसतं.

ढकलबोटीच्या लगेच मागून मार्ग ओलांडायचा मोह टाळा. तिच्या पंख्यांनी ढवळलेलं पाणी बराच वेळ आणि बरंच अंतर उकळत राहतं. टगबोट दोराने बार्ज ओढत असेल तर त्या दोघींच्या मधून तर कधीच नाही. दोर पाण्याखाली असल्याने ती जागा मोकळी वाटते.

उभ्या बार्ज आणि खांब

याला तक्रार म्हणता येत नाही, कारण यात सापडलेला माणूस सांगायला क्वचितच उरतो. काठाला बांधून ठेवलेल्या बार्जचं पुढचं टोक खालून तिरकं कापलेलं असतं. प्रवाह तिथे आदळून बाजूला जात नाही, खाली जातो आणि जवळचं सगळं बार्जच्या तळाखाली घेऊन जातो. लाइफ जॅकेट तिथे कामाचं नाही. उभ्या बार्ज, तरंगते धक्के, अडकलेली झाडं यांच्या वरच्या बाजूला नांगर टाकायचा नाही, वाहत राहून मासेही धरायचे नाहीत. सावलीत मासे असतात हे खरं आहे. खालच्या बाजूने, संथ पाण्यातून फेकून बघा.

धरणाच्या आणि बंधाऱ्याच्या वरच्या-खालच्या बंदी असलेल्या पट्ट्याबद्दल वाद नकोच. खाली पांढरं पाणी उलटं फिरत असतं आणि दरवाजे कधी उघडतील ते तुमच्या हातात नसतं. भोंगा वाजला की मासा लागलेला असला तरी निघायचं.

मोठा मासा लागला आणि तोच कयाक ओढत नेतोय

नांगरावर असताना मासा लागला तर बहुतेक जण नांगर तसाच ठेवून झुंजतात. मासा प्रवाहाच्या वरच्या बाजूला गेला की रॉड कयाकच्या कडेवरून वाकतो, वजन त्या बाजूला जातं, दोर तर आधीच ओढतोय. दोर सोडा आणि वाहत वाहत, दोन्ही पाय आत ठेवून, रॉडचं टोक पुढच्या दिशेला धरून खेळवा. वाहत जाण्याची हद्द मात्र गळ टाकण्याआधीच ठरवलेली हवी: त्या बोयापर्यंत, किंवा त्या खांबापर्यंत. तिथे पोचलात की मासा कितीही मोठा असो, दोरा कापायचा. ही हद्द मासा लागल्यावर ठरवायला गेलात तर ती नेहमी थोडी पुढेच सरकते.

रॉडना बांधायच्या दोऱ्यांबाबत माझं मत अनेकांना पटत नाही. वाहत्या पाण्यात नांगरावर बसताना कयाकवर जितक्या कमी दोऱ्या तितकं बरं. उलटल्यावर पायात गुंतते ती हीच गुंडाळी. रॉड गेला तर गेला.

दिसणं, ऐकू जाणं

प्लास्टिकची कयाक रडारवर नीट उमटत नाही, आणि लाटांच्या गर्दीत तर नाहीच. झेंड्यापेक्षा जास्त लांबून दिसतं ते हलणारं वल्हं, म्हणून पाती पिवळी किंवा केशरी घ्या. अंधार पडल्यावर किंवा धुक्यात वल्ह्याच्या होडीकडे पांढरा दिवा हाताशी हवा आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवता यायला हवा, हा नियम आहे. मी त्यापुढे जाऊन डोक्यापेक्षा उंच काठीवर सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा सतत लावून ठेवतो. कपाळावरचा टॉर्च सारंगाच्या डोळ्यांवर मारू नका, आधी स्वतःवर आणि वल्ह्यावर मारा, म्हणजे त्याला काय आहे ते कळेल. धुकं उतरलं तर मार्गापासून दूर उथळात जाऊन थांबायचं. दर दोन मिनिटांच्या आत ऐकू येणारा एक लांब भोंगा म्हणजे चालतं इंजिनचं जहाज.

हातातला व्हीएचएफ रेडिओ उपयोगी आहे, पण त्या नदीवर जहाजं कुठल्या चॅनेलवर बोलतात ते माहीत असेल तर. 16 हा हाकेचा आणि संकटाचा चॅनेल. जहाजं आपापसात बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच चॅनेलवर बोलतात. अनेक देशांत रेडिओला परवाना लागतो. नुसतं ऐकलं तरी वळणापलीकडे कोण येतंय ते कळतं, आणि माझ्या मते त्याचा खरा फायदा तोच.

पाण्यात पडल्यावर

लाइफ जॅकेट अंगावर, बंद केलेलं. पाणी 15 अंशांखाली असेल तर पहिला धोका बुडण्याचाही नसतो, श्वासाचा असतो. थंड पाण्यात पडताच धाप लागते आणि ती आवरायला साधारण मिनिटभर जातं; त्या मिनिटात फक्त तरंगत राहा. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे असतात, कयाकवर परत चढायचं ते त्यातच.

नांगर अजून लागलेला असेल तर आधी दोर सोडा किंवा कापा, नाहीतर कयाक जागच्या जागी प्रवाहात आपटत राहते आणि तुम्ही खाली वाहत जाता. कयाकपेक्षा प्रवाहाच्या वरच्या बाजूला राहा, म्हणजे ती आणि एखादा खांब यांच्यामध्ये सापडणार नाही. वर बसायच्या कयाकवर चढायची रीत साधी आहे: ती सरळ करा, मध्याजवळ पलीकडची कड धरा, पाय जोरात मारून पोटावर आडवे चढा, पाठीवर वळा, मग पाय आत घ्या. हे सामान भरलेल्या कयाकसह, तोच लाइफ जॅकेट घालून, संथ पाण्यात करून बघा. जॅकेटच्या खिशांतले आमिषाचे डबे पोटाखाली अडतात आणि चढू देत नाहीत, हे बऱ्याच जणांना तिथेच पहिल्यांदा कळतं. डबे खोक्यात हलवा आणि पुन्हा चढून बघा.